गृहअर्थशास्त्रातले संशोधन लेख कसे वाचायचे आणि त्यांचा सारांश कसा लिहायचा?

ओंजळ (नागपूर)

नमस्कार. मी नागपुरात एम.ए. गृहअर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मधे संसारात बरीच वर्षं गेली, आता परत शिकतेय. शोधप्रकल्पाचा विषय घेतलाय तो असा : नोकरी करणाऱ्या आणि पूर्णवेळ घर सांभाळणाऱ्या बायकांचा घरकामात जाणारा वेळ. साहित्याच्या आढाव्यासाठी मार्गदर्शक मॅडमनी प्रत्येक लेखाचा एका पानाचा सारांश मागितला आहे.

बी.ए.पर्यंत सगळं मराठीतून झालं. इंग्रजी लेख शब्दकोश जवळ घेऊन वाचते, कळतोही. पण चौथ्या पानावर पोचेस्तोवर पहिल्या पानावरचं निसटलेलं असतं. गोषवारा समजतो. तक्ते आले की काय बघायचं ते कळत नाही. 'पी 0.05 पेक्षा कमी', 'सिग्निफिकंट' हे सारांशात कसं लिहायचं?

आणि एक कोडं आहे, ते सोडवा कुणीतरी. एका लेखात लिहिलंय की भारतातला पुरुष दिवसाला 97 मिनिटं घरकाम करतो. दुसऱ्या लेखात तोच आकडा 25 मिनिटं. दोघंही 2019 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणाचाच हवाला देतात. मी कोणता धरू?

एक मैत्रीण म्हणते, लेख चॅटबॉटमध्ये टाक आणि मराठीत सारांश घे. मला तसं करायचं नाही. तोंडी परीक्षेला समोर मी बसणार आहे, आणि हा विषय मी दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून घेतलेला नाही. सकाळी साडेपाचला गॅस पेटतो तेव्हापासून रात्री ओटा पुसेपर्यंतचं जे चालतं, ते मोजलं कसं जातं हे मला खरोखर समजून घ्यायचंय. वाचायला वेळ मिळतो तो रात्री, सगळे झोपल्यावर.

---

बर्डीचा वाचक

ताई, आधी लेख मिळवण्याबद्दल सांगतो, कारण सारांश अर्धवट राहतो तो पुष्कळदा पूर्ण लेख हातात नसल्यामुळे. पैसे भरा असं लिहून आलं की लोक गोषवाऱ्यावरच भागवतात. तसं करू नका. गूगल स्कॉलरवर लेखाच्या नावाखाली 'ऑल व्हर्जन्स' असतं, ते उघडा. तिथे अनेकदा लेखकाने स्वतः टाकलेली मोफत प्रत सापडते. भारतातले पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगेवर मोफत आहेत. जानेवारी 2025 पासून केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू आहे, तिच्यातल्या संस्थांना संशोधन-नियतकालिकं वाचायला मिळतात. तुमचं कॉलेज किंवा विद्यापीठ तिच्यात येतं का ते ग्रंथपालांना विचारा. काहीच जमलं नाही तर लेखकाला चार ओळींचा ईमेल करा. आपला लेख कुणी मागितला तर बहुतेक संशोधकांना आनंदच होतो.

दुसरं, शोधताना एकाच नावावर अडकू नका. अमेरिकेतल्या या विषयाच्या संघटनेने 1994 मध्ये 'होम इकॉनॉमिक्स' सोडून 'फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस' हे नाव घेतलं. आपल्याकडे 'होम सायन्स' चालतं आणि कृषी विद्यापीठांत आता 'कम्युनिटी सायन्स'. चारही नावांनी शोधा. 'टाइम यूज' आणि 'अनपेड वर्क' हे तर हवेतच, कारण तुमच्या विषयावर अर्थशास्त्राच्या लोकांनीही भरपूर लिहिलंय.

वाचायचं कसं ते इथल्या मॅडम सांगतील, मी त्यातला नाही.

---

निवृत्त गृहविज्ञान

बेटा ओंजळ, तुझं कोडं आधी घेते, कारण लेख कसा वाचायचा ते त्यातच येऊन जातं.

97 बरोबर आहे आणि 25 ही बरोबर आहे. त्या सर्वेक्षणाचा मूळ अहवाल उघड. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा आहे, मोफत मिळतो. त्यात घरातल्यांसाठी विनामोबदला केलेल्या घरकामाचे दोन वेगळे आकडे आहेत. एक, त्या दिवशी घरकाम किती जणांनी केलं : बायकांपैकी 81.2 टक्के, पुरुषांपैकी 26.1 टक्के. दुसरा, ज्यांनी केलं त्यांचा त्यात सरासरी किती वेळ गेला : बायकांची 299 मिनिटं, पुरुषांची 97. म्हणजे 97 मिनिटं ही शंभरातल्या त्या 26 पुरुषांची सरासरी आहे. उरलेल्या 74 जणांनी त्या दिवशी घरकाम काहीच केलं नाही, ते या सरासरीत नाहीतच. त्यांनाही धरून सगळ्या पुरुषांची सरासरी काढलीस तर ती 25 मिनिटांवर येते. गुणून पहा : 97 ला 26.1 टक्क्यांनी गुण, 25 च्या आसपास येईल. बायकांचंही तसंच कर, 299 चे 243 होतात.

आता पहा, दोन्ही लेखकांनी खरं लिहिलं, पण भागाकारात खाली कोण आहे हे ज्याने सांगितलं नाही त्याचा वाचक फसला. 97 वाचून वाटतं की दीड तास म्हणजे काही वाईट नाही. 25 आणि 243 शेजारी ठेवले की चित्रच बदलतं. म्हणून माझ्या विद्यार्थिनींना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत आले : आकडा दिसला की आधी विचारायचं, हा कुणाचा? सगळ्यांचा, की निवडक लोकांचा? सारांशात आकडा लिहायचा तो त्याच्या माणसांसकट लिहायचा. 'पुरुष 97 मिनिटं घरकाम करतात' हे वाक्य मी कापून टाकीन. 'ज्या 26.1 टक्के पुरुषांनी त्या दिवशी घरकाम केलं, त्यांचा सरासरी वेळ 97 मिनिटं होता' हे ठेवीन. वाक्य लांबतं. लांबू दे.

याच अहवालात आणखी एक जागा आहे, तिथे तुझ्या विषयाची माणसं हमखास अडखळतात. मुलांना भरवणं, त्यांचा अभ्यास घेणं, म्हाताऱ्यांचं करणं हे या 299 मिनिटांत नाही. त्याचा गट वेगळा आहे, आणि त्यात भाग घेणाऱ्या बायकांची सरासरी 134 मिनिटं, पुरुषांची 76. दुसऱ्या देशातल्या एखाद्या लेखात 'हाउसवर्क'मध्ये मुलांचं करणं धरलेलं असेल, आणि तू तो आकडा 299 च्या शेजारी ठेवलास, तर ती तुलना फुकट गेली. तेव्हा लेखकाने घरकाम म्हणजे काय काय धरलं, ते शोधून शब्दशः उतरवून घे. 'पद्धती' या भागात दोन ओळींत दडलेलं असतं.

आता वाचण्याचा क्रम. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सरळ वाचत जायचं नाही, त्यानेच तुझं निसटतं. शीर्षक आणि गोषवारा वाच, म्हणजे लेखक काय म्हणतोय ते कळेल. मग प्रस्तावना सोडून थेट पद्धतीवर जा. कोण माणसं, कुठली, किती, कशी निवडली, त्यांना काय विचारलं, कोणत्या महिन्यात विचारलं. हे सगळं मराठीत वहीत उतरव. त्यानंतर तक्ते. तक्त्यावर जाशील तेव्हा लेखकाचं विवेचन हाताने झाकून ठेव. तक्त्याचं शीर्षक वाच, रकाने कशाचे आहेत ते पहा, खालच्या बारीक अक्षरांतल्या टीपा वाच, आणि या तक्त्यातून मला काय दिसतं ते स्वतःच्या एका वाक्यात लिही. मगच लेखकाचं वाक्य वाच. दोन्ही जुळली तर तुला लेख कळला. नाही जुळली तर एक तर तुला काही समजून घ्यायचं राहिलंय, किंवा लेखक आकड्यापेक्षा पुढे बोललाय. ही दुसरी गोष्ट तुला वाटते त्याहून जास्त वेळा घडते. प्रस्तावना सगळ्यात शेवटी वाच. तिच्यातून पुढचे लेख सापडतात.

इंग्रजीची भीती बाळगू नकोस. पद्धती आणि निष्कर्षांची भाषा ठरावीक असते, तीच क्रियापदं फिरून फिरून येतात. पाच-सहा लेख झाले की शब्दकोश बाजूला पडतो.

'सिग्निफिकंट'ला आपल्या पुस्तकांत सार्थक म्हणतात. पी-व्हॅल्यू 0.05 पेक्षा कमी याचा अर्थ इतकाच : प्रत्यक्षात काहीच फरक नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता शंभरात पाचाहून कमी होती. फरक मोठा आहे, महत्त्वाचा आहे, एकाने दुसरं घडवलं आहे, यातलं काहीही पी सांगत नाही. हजारो लोकांचा नमुना असला तर चार मिनिटांचा फरकही सार्थक निघतो. म्हणून सारांशात नुसतं 'सार्थक फरक आढळला' असं लिहू नकोस, फरक किती मिनिटांचा तेही लिही. सहसंबंधाचंही, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती वरखाली होतात त्या मापाचंही तसंच. 0.2 चा सहसंबंध सार्थक असू शकतो, पण त्याचा वर्ग कर : 0.04. म्हणजे एका गोष्टीतल्या चढउतारांपैकी फक्त चार टक्क्यांचा मेळ दुसरीशी बसतो, बाकीच्या शहाण्णव टक्क्यांचा बसत नाही.

आणि लिहायला बसशील तेव्हा लेख मिटून ठेव. वहीतल्या टिपणांवरून लिही. लेख उघडा ठेवून लिहिलं की त्याचीच वाक्यं शब्द बदलून खाली उतरतात. 2018 च्या यूजीसी नियमांप्रमाणे दहा टक्क्यांच्या वर साम्य निघालं तर कारवाई होऊ शकते. माझं कारण मात्र वेगळं आहे. मिटलेल्या लेखातलं जे तुला सांगता येतं, तेवढंच तुझं झालं.

चॅटबॉटचं तू योग्य ठरवलंस. एखादं वाक्य अडलं तर विचार त्याला, हरकत नाही. पण 97 खाली कोण आहे हे तुझं तुलाच पाहावं लागेल.

---

धानपट्टा (भंडारा)

मी अन्न आणि पोषण शाखेचा, वेळ-वापरातलं मला फार कळत नाही. पण मॅडमनी 'आकडा त्याच्या माणसांसकट' म्हटलं, त्यावर आमच्या भागातलं एक उदाहरण द्यावंसं वाटतं. लाखोळीची डाळ.

आमच्याकडे धान कापायच्या आधी ओल्या बांधीत लाखोळी फेकतात. न नांगरता, वरून पाणी न देता येते. घरोघरी खाल्ली जाते. 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली, कारण पाय लुळे पडण्याचा रोग, लॅथिरिझम. 1964 मध्ये तिच्यातलं विषारी द्रव्य शोधलं गेलं, त्याला ओडॅप म्हणतात. तेव्हापासून लेखांचा ढीग आहे, आणि त्यांचे सारांश वाचले तर दोनच वाक्यं सापडतात : 'लाखोळी विषारी आहे' नाहीतर 'लाखोळी सुरक्षित आहे'. दोन्ही वाक्यं मला छळतात, कारण आमच्या बायाबापड्यांनी यातलं काय ऐकायचं?

मूळ लेख वाचले की कळतं, प्रश्न मात्रेचा आहे. हा रोग दिसला तो दुष्काळात, जेव्हा महिनोन् महिने लाखोळी हेच मुख्य अन्न होतं आणि सोबत दुसरं धान्य जवळजवळ नव्हतं. भाताबरोबर अधूनमधून वाटीभर वरण ही वेगळी परिस्थिती आहे. मग लेखात ओडॅप मोजलं ते कच्च्या दाण्यात की शिजवलेल्या डाळीत? गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिलं तर बरंच ओडॅप निघून जातं. वाण कोणता? रतन, प्रतीक, महातिवडा हे कमी ओडॅपचे वाण आहेत, गावठी वाणाचा आकडा त्यांना लागू नाही. प्रयोग माणसांवर होता की कोंबडीच्या पिलांवर? एवढ्या चार गोष्टी सारांशात नसतील तर तो सारांश वाचून कुणीही काहीही सांगू शकतो, आणि लोक सांगतातही.

दुसरी गोष्ट ॲनिमियाची, ती थोडक्यात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायका रक्तक्षयाच्या दिसतात, 2019 ते 21 च्या फेरीत. त्या फेरीत रक्त बोटाच्या टोकातून घेतलं होतं. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत तपासणाऱ्या अभ्यासात आकडा वेगळा येऊ शकतो. दोन लेखांत टक्के जुळले नाहीत की आधी मोजमाप कसं केलं ते पहावं.

---

ओंजळ

मॅडम, दादा, काय सांगू, इतकं नीट कुणी समजावलं नव्हतं. 97 आणि 25 चा गुणाकार मी रात्री स्वतः करून पाहिला आणि मग झोपच लागेना. त्या 74 पुरुषांचा विचार येत राहिला.

मूळ अहवाल उतरवून घेतला. तुम्ही सांगितलेल्या क्रमाने वाचला आणि मिटवून लिहिला. हा असा :

'राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने जानेवारी ते डिसेंबर 2019 या काळात देशभर वेळ-वापर सर्वेक्षण केले. 1,38,799 कुटुंबांतील 6 वर्षे व त्यावरील 4,47,250 व्यक्तींची माहिती घेतली. मुलाखतीच्या आदल्या दिवशी पहाटे 4 पासून मुलाखतीच्या दिवशी पहाटे 4 पर्यंतचे 24 तास विचारले. घरातल्यांसाठी विनामोबदला घरकाम त्या दिवशी 81.2 टक्के स्त्रियांनी व 26.1 टक्के पुरुषांनी केले. ज्यांनी केले त्यांचा सरासरी वेळ स्त्रियांचा 299 मिनिटे व पुरुषांचा 97 मिनिटे. मुले, वृद्ध यांची देखभाल यात धरलेली नाही, ती वेगळ्या गटात आहे. यावरून असे सिद्ध होते की स्त्रिया घरकामामुळे नोकरी करू शकत नाहीत.'

अजून दोन शंका. 2024 च्या नव्या फेरीत बायकांचे 289 आणि पुरुषांचे 88 आकडे आहेत, ते यातच घालू का? आणि परदेशी लेखांत तयार प्रश्नावली मिळते, ती मराठीत करून वापरली तर चालेल का?

---

निवृत्त गृहविज्ञान

शाबास. शेवटचं वाक्य सोडून सगळं ठेव, एक अक्षर बदलू नकोस.

शेवटचं वाक्य तुझ्या मनातलं आहे, ते खरंही असेल, पण तू वर दिलेल्या आकड्यांत ते नाही. घरकाम आहे म्हणून नोकरी नाही, की नोकरी मिळत नाही म्हणून घरकाम अंगावर पडलं, हे एका दिवसाच्या नोंदीवरून सांगता येत नाही. एकाच वेळी घेतलेल्या पाहणीतून आधी काय आणि नंतर काय ते कळत नाही. 'सिद्ध होते' तर आपल्या विषयात लिहूच नये, 'दिसते' पुरे. तुझा प्रश्न मात्र टाकू नकोस. सारांशाच्या खाली रेघ ओढून 'माझ्या अभ्यासासाठी' असं लिही आणि तिथे तो मांड. लेखकाचं आणि आपलं यांच्यामध्ये ती रेघ दिसली पाहिजे. परीक्षक तिथूनच विचारायला सुरुवात करतात, आणि तिथे तुला बोलता येईल.

2024 चे आकडे घाल, पण वेगळ्या सारांशात. 299 चे 289 झाले, दहा मिनिटं कमी झाली, एवढं लिही. का कमी झाली ते कुणी तपासलं असेल तरच त्याच्या नावाने लिही. आणि पुरुषांचेही 97 चे 88 झालेत हे विसरू नकोस. बायकांचा भार पुरुषांनी उचलला म्हणून तो घटला, असं या दोन आकड्यांवरून म्हणता येणार नाही. जुन्या लेखांत 1998-99 च्या पहिल्या प्रायोगिक सर्वेक्षणाचा उल्लेख येईल. ते सहा राज्यांत झालं होतं : हरियाणा, मध्य प्रदेश, गुजरात, ओरिसा, तामिळनाडू, मेघालय. महाराष्ट्र त्यात नाही. त्यावरून आपल्या बायकांबद्दल कुणी निष्कर्ष काढला असेल तर त्याखाली खूण कर.

प्रश्नावली जशीच्या तशी घेऊ नकोस. आधी ती कुणाची आहे ते पाहून परवानगी माग. भाषांतर कर, मग दुसऱ्या कुणाकडून ते मराठीतून परत इंग्रजीत करवून घे आणि मूळ प्रश्नाशी ताडून पहा. त्यानंतर शेजारच्या पाच-दहा जणींवर चालवून बघ. अडेल ते तिथेच अडेल. परदेशी यादीत अंगणातली हिरवळ कापणं असेल, बर्फ उपसणं असेल. आपल्या मे महिन्यातल्या कामांचं काय? कूलर भरायचा असतो, दिवसातून दोनदा भरावा लागतो, नळ दोन तासच आला तर बादल्यांनी भरावा लागतो. वाळ्याच्या ताट्या ओल्या ठेवायच्या. गच्चीवर पापड, सांडया, कुरडया वाळत घालायच्या आणि ऊन उतरायच्या आत गोळा करायच्या. यातलं एकही काम त्या यादीत सापडायचं नाही, आणि यादीत नसलेलं काम बाई सांगत नाही. 'घरकाम किती करता?' असं विचारशील तर ती पाणी भरणं त्यात धरणारच नाही. म्हणून काल पहाटेपासून काय काय केलं ते अर्ध्या-अर्ध्या तासाने विचार आणि गटवारी तू स्वतः नंतर कर. सरकारी सर्वेक्षणातही अर्ध्या तासाचेच टप्पे होते.

एकाच वेळी दोन कामं असतात त्याचंही आधी ठरव. एकीकडे भात शिजतोय, दुसरीकडे मुलाचे पाढे घेणं चाललंय. तो अर्धा तास कुणाच्या खात्यात? वाचशील त्या प्रत्येक लेखात हे कसं मोजलं ते पहा आणि वहीत एक रकाना त्यासाठी ठेव. ज्या लेखात याबद्दल एक ओळही नसेल, त्याच्या सारांशात तसं स्पष्ट लिही : 'एकाच वेळी केलेल्या कामांची नोंद कशी केली ते लेखात दिलेले नाही.'

---

ओंजळ

लिहून घेतलं सगळं. वहीत रकाने आखलेत : माणसं कोण, कशी निवडली, घरकामात काय काय धरलं, कोणता महिना, दोन कामं एकदम असली तर काय, आकडा आणि तो कुणाचा. शेवटचं वाक्य रेघेखाली नेलं आणि प्रश्नाच्या रूपात मांडलं. मॅडम, नोकरी करणाऱ्या बायकांचा सुटीचा दिवस आणि कामाचा दिवस वेगवेगळा धरायचा ना? माझ्याजवळच्या एका लेखात सगळी सरासरी एकत्रच आहे.

---

निवृत्त गृहविज्ञान

हो, वेगळा धरायचा. रविवारी आठवड्याचे कपडे, दळण, डबे घासणं, सगळं एकदम निघतं. त्या लेखाच्या पद्धतीत मुलाखती कोणत्या वारी घेतल्या ते दिलंय का बघ. नसेल तर लेखकाला ईमेल करून विचार, पत्ता पहिल्या पानाच्या तळाशी असतो. उत्तर आलं की इथे टाक, मलाही पाहायचंय.